सांध्यातलं पाणी

जूनचा तिसरा आठवडा होता. पाऊस आठ दिवस ठाण मांडून बसला होता. मांडवी लाल झाली होती आणि यार्डातल्या प्रत्येक खड्ड्यात, कलंडून ठेवलेल्या प्रत्येक होडीत गोडं पाणी साचलं होतं. आमची ‘सातेरी’ लाकडी ठोकळ्यांवर, ताडपत्रीच्या मांडवाखाली उभी होती. तिला पाण्याबाहेर काढून २३ दिवस झाले होते. बाबा तिच्या पोटाखाली वाकले. फायबरचं अंग संपून बिडाची कील जिथे सुरू होते, त्या रेषेवर त्यांनी बोट टेकवलं. बोटावर आलेला तपकिरी थेंब जिभेला लावला आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "खारट."

मीही चाखला. खारटच होता, आणि खारटाच्या मागे लोखंडाची तुरट चव होती. वरून गोडं पाणी, खाली गोडं पाणी, समोर पुराने गढुळलेली नदी, आणि तीन आठवडे कोरड्या जागी उभ्या असलेल्या बोटीच्या केसाएवढ्या फटीतून समुद्र अजून ठिबकत होता. एवढे दिवस तो आत बसून काय करत होता, हा प्रश्न त्या क्षणी माझ्या पोटात गेला तो सहा महिने बाहेर आला नाही.

‘सातेरी’ ३० फुटांची शिडाची बोट आहे, १९८४ साली बांधलेली. मी ती सेकंडहँड घेतली आणि नाव बाबांनी दिलं, आमच्या डिचोलीकडच्या देवीचं. कोकणातले होड्या बांधणारे सुतार तळाच्या मुख्य लाकडाला पठाण म्हणतात. त्या लाकडावर होडी उभी राहते. आजच्या शिडाच्या बोटीची कील मात्र खाली लटकते. माशाच्या परासारखं बिडाचं ते पातं आमच्या बोटीत पाण्याखाली दीड मीटर जातं आणि त्याचं वजन आहे दीड टन. वारा शिडाला आडवं पाडायला बघतो तेव्हा हे वजन बोटीला पुन्हा उभं करतं. आणि या वजनाला बोटीशी धरून ठेवणारे स्टड किती, तर १०. प्रत्येक २४ मिलिमीटर जाडीचा, खालचं टोक बिडात आट्यांनी बसवलेलं, वरचं टोक बोटीच्या तळातून आत येऊन नटने आवळलेलं. केबिनची फळी उचलली की ते नट पाच-पाचच्या दोन ओळींत दिसतात. दर रविवारी मी ती फळी उचलत असे. नट चकचकीत होते. स्टेनलेस स्टील. त्यांच्याकडे बघून मला फार बरं वाटायचं.

बाबांची सगळी नोकरी बार्जवर गेली. सारमानसच्या धक्क्यावर खनिज भरून मांडवीतून मुरगावला जाणाऱ्या बार्ज ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना वेगळं सांगायला नको. पावसाळ्यात आग्वादजवळ नदीच्या मुखाशी वाळूचा दांडा खवळला की त्या कुंभारजुव्याच्या कालव्यातून झुवारीत उतरायच्या. बाबा दुरुस्तीच्या यार्डात फिटर म्हणून लागले आणि फोरमन म्हणून निवृत्त झाले. आजही त्या भागातले वेल्डर त्यांना ‘फोरमनबाब’ म्हणतात. २०१२ मध्ये खाणी थांबल्या तेव्हा ते घरीच होते, पण रांगेने नांगरून पडलेल्या बार्ज बघायला नार्व्याच्या धक्क्यावर जाऊन बसायचे. "धावतं लोखंड टिकतं," म्हणायचे, "उभं लोखंड खातं." त्यात प्रेम किती आणि धातुशास्त्र किती हे मला तेव्हा कळत नव्हतं. आता वाटतं, धातुशास्त्र बरंच होतं.

बोट बघायला मी एका जाणकाराला बोलावलं. त्यांनी टॉर्च मारला, नट बघितले, सांध्यातली तपकिरी रेषा बघितली आणि सांगितलं की जुन्या बोटींत एवढं होतंच. नट थोडे आवळा, बाहेरून फट खरवडून चांगलं सीलंट भरा, वर रंग मारा, दहा वर्षं बघायला नको. खर्च पंधरा-वीस हजार. मला हे पटलं, कारण मला ते पटवून घ्यायचं होतं. कील सोडवायची म्हणजे क्रेन, मजूर, महिने आणि या रकमेच्या दहापट पैसे.

बाबा गप्प होते. जाणकार गेल्यावर म्हणाले, "बाहेरून फट बुजवली तर आतलं पाणी कुठं जाणार?"

ते वाक्य घेऊन मी घरी आलो आणि पावसाळाभर वाचत बसलो. जे कळलं ते सांगायला हवं, कारण बोट असणाऱ्यांपैकी बहुतेकांचा माझ्यासारखाच समज असतो की स्टेनलेस स्टील गंजत नाही. गंजतं. त्यात क्रोमियम असतं, किमान साडेदहा टक्के, आपण बोटीला वापरतो त्या ३१६ जातीत १६ ते १८ टक्के. हवेतला किंवा पाण्यातला ऑक्सिजन मिळाला की क्रोमियमची एक साय धातूवर धरते, डोळ्यांना न दिसणारी. ओरखडा गेला तर ती पुन्हा धरते. स्टेनलेसचं सगळं स्टेनलेसपण त्या सायीत आहे, आणि साय टिकायला ऑक्सिजन रोज लागतो. म्हणजे या धातूला श्वास घ्यावा लागतो.

आता तो स्टड अशा जागी ठेवा जिथे खारं पाणी आत शिरतं पण खेळतं राहत नाही. फटीतल्या पाण्यातला ऑक्सिजन संपतो. साय फाटली तर पुन्हा धरत नाही. धातू विरघळू लागतो, विरघळलेल्या धातूमुळे पाणी आम्ल होतं, मिठातलं क्लोराइड त्या विरघळलेल्या धातूकडे ओढलं जातं आणि सगळं आणखी वेगाने चालू राहतं. बाहेरून काही दिसत नाही. उघड्या हवेतला नट चकचकीत, बिडात घट्ट बसलेला भाग शाबूत, आणि मधला दोन-तीन सेंटिमीटरचा तुकडा, नेमका सांध्यातला, खचत जातो. बाहेरून सीलंट भरणं म्हणजे उरलीसुरली हवाही बंद करणं. बाबांना यातलं क्लोराइड वगैरे माहीत नव्हतं. पाणी कोंडलं की लोखंड खातं, एवढंच माहीत होतं.

त्याच दिवसांत मी ‘चीकी राफिकी’बद्दल वाचलं. ४० फुटांची ब्रिटिश बोट, मे २०१४ मध्ये अँटिग्वाहून साउथॅम्पटनला परत निघालेली, बोटीवर चार माणसं. उत्तर अटलांटिकमध्ये पाणी आत येतंय असं त्यांनी कळवलं आणि मग संपर्क तुटला. बोट सापडली ती उलटी, कील निखळलेली. जीवरक्षक तराफा आत तसाच बांधलेला होता. तो सोडायलाही वेळ मिळाला नव्हता. चौघे सापडले नाहीत. चौकशीत बोलणं झालं ते पूर्वी बोट तळाला टेकल्याचं, त्यानंतरच्या दुरुस्त्यांचं, आतल्या सांध्याची पकड सुटल्याचं.

तळाला टेकणं. मला आमची आग्वादची संध्याकाळ आठवली. दोन वर्षांपूर्वी सुकतीच्या वेळी वाळूच्या दांड्यावर ‘सातेरी’ टेकली होती. तीनदा दणके बसले, मग एक लाट आली आणि सुटलो. त्या रात्री घरी जेवताना ती गोष्ट आम्ही रंगवून सांगितली होती.

मी बाबांना विचारलं, त्या दणक्यात स्टडवर किती ओढ आली असेल? त्यांनी वही घेतली. दणक्याचं गणित येत नाही म्हणाले, पण बोट नुसती आडवी झाली तर किती, ते काढू. कीलचं वजन दीड टन. त्याचा मध्य सांध्यापासून ७० सेंटिमीटर खाली धरू. वरच्या बाजूच्या स्टडची ओळ कीलच्या दुसऱ्या कडेपासून १० सेंटिमीटरवर. पहारीने दगड उपटतात तसंच आहे हे. सातपट. म्हणजे साडेदहा टन, पाच स्टडवर. त्यांनी वही माझ्याकडे सरकवली आणि चष्मा काढून ठेवला. पुढे काय करायचं ते आम्ही बोललो नाही. दुसऱ्या दिवशी मी क्रेनवाल्याला फोन केला.

दिवाळी झाल्यावर, हवा कोरडी झाल्यावर, हायड्रा क्रेन आली. दोन पट्टे बोटीच्या पोटाखालून घेतले आणि वजन जेमतेम तोलून धरलं. कील खालून ठोकळ्यांनी आणि पाचरींनी बांधलेली. कील खाली सोडायची नसते, बोट वर उचलायची असते. बाबांनी हे क्रेनवाल्याला तीनदा सांगितलं. मी आत उतरून नट सोडायला लागलो. पहिला सुटला. दुसऱ्याला पान्हा लावला आणि जरा जोर दिला तर नट, वायसर आणि त्याखाली चार बोटं स्टड असं सगळं माझ्या हातात आलं. आवाजसुद्धा झाला नाही. मी ज्याच्याकडे दर रविवारी बघत होतो, त्यातला सगळ्यात चकचकीत नट तो होता.

सांधा तरी सुटेना. चाळीस वर्षांपूर्वीचं सीलंट काही ठिकाणी मेलं होतं, काही ठिकाणी घोरपडीसारखं चिकटलेलं होतं. यार्डातल्या एका पोराने मोटरसायकलची क्लचवायर आणली. दोन टोकांना लाकडाच्या मुठी बांधून दोघांनी ती फटीतून करवतीसारखी ओढायला सुरुवात केली. पाठोपाठ पाचरी ठोकत गेलो, एक डावीकडे, एक उजवीकडे. दुपारी तीनच्या सुमाराला एक खोल ‘टक्’ आला आणि ‘सातेरी’ बोटभर वर आली. फटीतून काळं पाणी वाहिलं आणि सगळीकडे सडक्या अंड्याचा वास पसरला. खाजणातला चिखल उपसताना येतो तोच वास. हवा नसलेल्या पाण्याचा.

बोट बाजूला घेतल्यावर स्टड उघडे पडले. १० पैकी एक माझ्या हातात तुटलेला. उरलेल्या नवांपैकी पाचांची कंबर गेलेली. डमरू आठवा. वर जाड, खाली जाड, मध्ये बारीक. सगळ्यात वाईट डमरूची कंबर बाबांनी कॅलिपरने मोजली, १४ मिलिमीटर. २४ चे १४ ऐकताना फार वाटत नाही, पण ताकद जाडीच्या वर्गाने जाते. तिसरा हिस्साच उरला होता. आणि उरलेल्या चारांतला एक स्टड असा होता की त्याच्यावर कुणीतरी कधीतरी साध्या लोखंडाचा नट बसवला होता. तो नट इतका लाल आणि फुगलेला होता की मी दर वेळी त्याच्याकडे बघून चुकचुकायचो. त्याखालचा स्टड नवाकोरा असल्यासारखा होता. त्या जागचं सीलंट धडधाकट होतं, पाणी तिथे कधी पोचलंच नव्हतं.

बाबा त्या डमरूवरून बराच वेळ अंगठा फिरवत होते. पुढे तो बिडातून निघाला तेव्हा त्यांनी तो धोतराच्या सोग्यात पुसला आणि खिशात टाकला. आज तो आमच्या घरी देवळीत आहे.

जुने स्टड बिडातून काढणं हे खरं काम. नट वेल्ड करून बघितले, तापवून बघितलं. मग बाबांनी मेणबत्ती मागितली. स्टडच्या मुळाशी बीड तापवायचं, ज्योत काढायची आणि लगेच मेण टेकवायचं. पातळ झालेलं मेण आट्यांत आपोआप उतरत जातं, तेल जात नाही तिथे जातं. मग पान्हा पुढे-मागे, पुढे-मागे, घाई न करता. असे आठ निघाले. बाबा ८१ वर्षांचे आहेत. खुर्चीत बसून ते फक्त ‘आता’ आणि ‘थांब’ एवढंच म्हणत होते, आणि मी त्यांच्या आवाजाकडे लक्ष ठेवून पान्ह्याला जोर देत होतो. माझ्या लहानपणी ते यार्डातून रात्री उशिरा यायचे, त्यांच्या हातांना ग्रीजचा वास असायचा, आणि दिवसभर ते काय करतात हे मी कधी विचारलं नव्हतं. ते मला त्या तीन दिवसांत दिसलं.

दोन निघालेच नाहीत. ते भोक पाडून काढावे लागले. चुंबकावर चिकटणारं ड्रिल मशीन कीलवर बसवलं. बीड कापताना तेल घालत नाहीत. त्यातून स्टीलसारखी वळ्यांची कात निघत नाही, काळी भुकटी निघते, पेन्सिलीच्या शिशासारखी. असते तीच चीज, ग्रॅफाइट. कीलच्या एका कोपऱ्यात तर समुद्राने लोखंड केव्हाच नेलं होतं आणि मागे नुसतं ग्रॅफाइट उरलं होतं; दिसायला बीड, पण चाकूने खरवडलं जात होतं. ते सगळं कडक लोखंड लागेपर्यंत छिललं.

नवे स्टड कशाचे करायचे यावर आमचा वाद झाला. बाबांचं म्हणणं, साधं लोखंड, जस्ताचा मुलामा दिलेलं. गंजेल, पण गंजलं की फुगेल, लाल होईल, ओरडून सांगेल. स्टेनलेससारखं हसत हसत दगा देणार नाही. यात तथ्य आहे. बिडाच्या कीलला साधे लोखंडी स्टड घालणारे बोट बांधणारे आहेत आणि ते मूर्ख नाहीत. काशाचे स्टड या कामाला बाद, कारण खाऱ्या पाण्यात ते स्वतः टिकतात आणि भोवतालच्या बिडाला खायला लावतात. माझा कल ड्युप्लेक्स स्टेनलेसकडे होता. २२०५ नावाची जात, २२ टक्के क्रोमियम, तीन टक्क्यांच्या आसपास मॉलिब्डेनम, कोंडलेल्या खाऱ्या पाण्यात ३१६ पेक्षा बरीच जास्त टिकणारी. मुंबईच्या गुलालवाडीतून दाखल्यासकट सळ्या मागवल्या.

सळ्या आल्या तेव्हा बाबांनी खिशातून चुंबक काढला. तो सळीला टेकवला, आणि तो चिकटला. त्यांचा चेहरा उतरला. "फसवलं तुला," म्हणाले. बार्जवरच्या चाळीस वर्षांत त्यांची एक परीक्षा पक्की होती. चुंबक चिकटला तर स्टेनलेस नव्हे. ३०४ आणि ३१६ पुरती ती बहुतेक वेळा बरोबरही आहे. पण ड्युप्लेक्सची अर्धी घडण वेगळी असते, आणि तो अर्धा भाग चुंबकाला ओढतो. मी त्यांना हे सांगितलं. दाखला दाखवला. त्यांनी तो दाखला उन्हात नेऊन शेवटच्या ओळीपर्यंत वाचला, सळीवर ठोकलेला नंबर कागदाशी ताडून पाहिला, आणि चुंबक परत खिशात ठेवला. "मग आटे मी सांगतो त्या लेथवर पाडायचे," एवढंच म्हणाले. ते मान्य करणं होतं आणि अट घालणंही. मी दोन्ही घेतलं.

जोडताना घाई केली नाही. जुने वायसर रुपयाएवढे होते. त्यांच्याखाली फायबर दबून तडे गेले होते, म्हणून १० मिलिमीटर जाडीचे चौकोनी पत्रे घातले, तळाच्या वळणाला बसतील असे कानस मारून. सांध्याच्या दोन्ही बाजू कोरड्या, खरबरीत आणि स्वच्छ केल्या. मग सीलंट, हात आखडता न घेता, प्रत्येक स्टडभोवती वेगळं कडं करून. बोट खाली आणताना दहाही स्टड आपापल्या भोकात एकाच वेळी शिरले तेव्हा यार्डातली सगळी माणसं काम सोडून बघत होती. नट पहिल्यांदा बेताने आवळायचे, सगळं सीलंट पिळून बाहेर येणार नाही इतकेच. ते मुरायला आठ दिवस द्यायचे. मग टॉर्क-पान्ह्याने, मधल्या जोडीपासून दोन्ही टोकांकडे, दोन फेऱ्यांत.

हे चालू असताना दिवाडीच्या बाजूने फेरीबोट ये-जा करत होती. त्याच बेटावर बांधलेली ‘म्हादई’ घेऊन दिलीप दोंदे २०१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून आले, आणि २०१३ मध्ये अभिलाष टॉमी कुठेही न थांबता. आणि आता गोव्यातच बांधलेली ‘कौंडिण्य’, मे २०२५ मध्ये कारवारला नौदलात दाखल झालेली, फळ्या काथ्याच्या दोरीने शिवलेली, खिळ्याशिवायची. बाबांना मी तिचा फोटो मोबाइलवर दाखवला होता. त्यांनी शिलाईवर फोटो मोठा करून घेतला. "हे बरं," म्हणाले. "दोरी कुजली की बोटाला कळतं."

डिसेंबरच्या अखेरीला ‘सातेरी’ पाण्यात गेली. पाण्यात जाण्याआधी बाबांनी आईची लाल नेलपॉलिशची जुनी बाटली आणवली. प्रत्येक नटपासून खालच्या पत्र्यावर जाईल अशी एक सरळ रेघ काढली, दहा नटांवर दहा रेघा. नट जरा फिरला तर रेघ तुटते. त्यांनी वहीत प्रत्येक नटला नंबर दिला, पुढच्या टोकापासून एक ते दहा, आणि वही मला दिली.

आता मी दर रविवारी फळी उचलतो ती वेगळ्या कारणासाठी. आधी तळात बोट फिरवून जिभेला लावतो. आतापर्यंत कोरडं आहे. मग टॉर्च धरून रेघा बघतो. या रविवारी आग्वादच्या पुढे थोडा वारा चांगला मिळाला, बोट बऱ्यापैकी झुकवली, आणि परत आल्यावर फळी उचलली. नऊ रेघा सरळ आहेत. सात नंबरची केसभर सरकल्यासारखी वाटते. दोनदा बघितलं, फोटो काढला, बाबांना पाठवला.

पाच मिनिटांत फोन आला. "सीलंट बसलं असेल," म्हणाले. "पण उद्या पान्हा घेऊन जा. मला न्यायला साडेसातला ये."